विमा-सल्ला : गॅरेजचे बिल आणि क्लेमची रक्कम यांत एवढी तफावत का?

या वेळच्या टपालात अपघातग्रस्त गाड्यांच्या भरपाईविषयीची पत्रे सर्वांत अधिक आहेत. प्रत्येकाची हकिगत निराळी असली तरी विमा असताना खिशाला चाट का बसली, हीच बहुतेकांची तक्रार आहे. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. उत्तरे खासगी मोटारींच्या सर्वसाधारण पॉलिसीला धरून आहेत. आपल्या पॉलिसीत एखादी अट वेगळी छापलेली असेल तर तीच अट लागू होईल.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ पुढच्या टेम्पोने एकाएकी ब्रेक लावला आणि माझी गाडी त्यावर मागून आदळली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची असून तिचा पूर्ण विमा आहे. कॅशलेस गॅरेजने ‘तुम्हाला काहीच बघावे लागणार नाही’ असे सांगितले होते. पण गाडी ताब्यात देताना ८५,००० रुपयांच्या बिलापैकी २४,००० रुपये माझ्याकडून घेतले. ही फसवणूक नव्हे काय? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपण बिलाची प्रत सोबत पाठविली हे फार चांगले केले, कारण त्यामुळे नुसती मोघम चर्चा न करता आकडे मांडता येतात. फसवणूक झालेली दिसत नाही; ‘कॅशलेस’ या शब्दाने आपली समजूत मात्र चुकीची करून दिली गेली. कॅशलेसचा अर्थ एवढाच की विमा कंपनी तिच्या वाट्याची रक्कम परस्पर गॅरेजला देते. तिचा वाटा किती, हे पॉलिसीच ठरवते.

आता आपले बिल पाहू. बॉनेट, फेंडर, रेडिएटरचा सपोर्ट अशा धातूच्या भागांचे ३०,००० रुपये झाले आहेत. तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि चार वर्षांच्या आतील गाडीच्या अशा सुट्या भागांवर २५ टक्के घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) धरतात, म्हणजे ७,५०० रुपये वजा होऊन २२,५०० रुपये मंजूर झाले. बंपर, पुढची जाळी आणि इतर प्लॅस्टिकच्या भागांचे २४,००० रुपये आहेत. प्लॅस्टिक, नायलॉन, रबर, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कालच शोरूममधून आणलेली असली तरी ५० टक्के घसारा असतो. त्यामुळे येथे थेट १२,००० रुपये कापले गेले. काचेवर घसारा नाही, म्हणून पुढच्या काचेचे ८,००० रुपये पूर्ण मिळाले. मजुरीचे ९,००० रुपयेही पूर्ण मिळाले. रंगकामाचे एकत्रित बिल १२,००० रुपये आहे. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये, रंगसाहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा लावला जातो, म्हणून १,५०० रुपये कमी झाले. कूलंट, ऑइल, नट-बोल्ट, क्लिपा यांचे २,००० रुपये ‘वापरून संपणाऱ्या वस्तू’ म्हणून नामंजूर झाले. शेवटी १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेमच्या वेळी जे १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात, ते वजा झाले. ७,५००, १२,०००, १,५००, २,००० आणि १,००० यांची बेरीज बरोबर २४,००० होते.

आपण ‘झिरो डेप’चे (घसारा न कापण्याचे) पूरक संरक्षण घेतले असते तर याच बिलात आपल्याला ३,००० रुपयेच भरावे लागले असते. शहरातल्या रहदारीत रोज गाडी चालविणाऱ्याने पहिली पाच वर्षे तरी ते घ्यावे असे माझे मत आहे, कारण हल्लीच्या गाड्यांचा दर्शनी भाग बव्हंशी प्लॅस्टिकचा असतो आणि अपघातात पहिला मार त्यालाच बसतो. मात्र झिरो डेपखाली वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा बहुतेक कंपन्या घालतात. पॉलिसी घेतानाच ती वाचून ठेवावी.

आपल्या पत्रातील आणखी एक तपशील मला अधिक खटकला. गॅरेजने सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) येण्यापूर्वीच बॉनेट उतरवून ठेवले होते आणि सर्व्हेअरने रेडिएटर ‘अपघातात गेलेला नाही’ असा शेरा मारला. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत कोणत्या क्रमाने काय होते, यावर क्लेमची निम्म्याहून अधिक रक्कम ठरते, आणि नेमके त्याच दिवसांत मालक सगळे गॅरेजवर सोपवून मोकळा होतो. अपघाताच्या जागीच गाडीचे चारही बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे आणि नुकसान झालेल्या भागाचे जवळून फोटो काढावेत. शक्य असल्यास समोरच्या वाहनाचा क्रमांक आणि त्याच्या विम्याचा तपशीलही टिपून घ्यावा. त्याच दिवशी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर अपघात कळवून क्लेम क्रमांक घ्यावा. गाडी चालविण्याजोगी नसेल तर ओढून न्यावी (साध्या पॉलिसीत खासगी मोटारीच्या टोइंगचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात) आणि सर्व्हे होईपर्यंत तिचा एकही भाग उतरवू देऊ नये. गॅरेजच्या एस्टिमेटची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. बॉनेट उघडल्यावर आतील नुकसान नव्याने दिसले तर दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी पूरक एस्टिमेट देऊन सर्व्हेअरला पुन्हा बोलवावे. काम उरकल्यावर दाखविलेल्या नुकसानाला कोणी पैसे देत नाही. सर्व्हेच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे. गॅरेजचा माणूस गॅरेजच्या सोयीने बोलतो, आणि अपघात कसा झाला हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली की क्लेम फॉर्ममध्ये भलतेच काही तरी लिहिले जाते.

विमा नियामकाच्या २०२४ मधील निर्देशांनुसार नुकसान कळविल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय कळवायचा असतो. सर्व्हे अहवालाची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे; ती लेखी मागावी. रेडिएटरसंबंधी आपण अजूनही लेखी हरकत घेऊ शकता, आणि घटनास्थळी कूलंट सांडलेला दिसणारा जो फोटो आपण मला पाठविला आहे, तो या हरकतीचा सर्वांत भक्कम आधार ठरेल.

प्रश्न : जव्हारच्या रस्त्याने येताना एका वळणावर गाडीखाली दगड लागला. आवाज झाला, पण गाडी चालत होती म्हणून त्र्यंबकेश्वरपर्यंत आलो. तेथे इंजिन जाम झाले. कंपनी फक्त ऑइल सम्पचे (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचे) पैसे देते आणि इंजिनचे नाकारते. — एक वाचक, सातपूर

उत्तर : कंपनीचा मुद्दा दुर्दैवाने बळकट आहे. अपघातानंतर आवश्यक ती दुरुस्ती न करता गाडी चालविल्यास त्यामुळे वाढलेले नुकसान मालकाच्या जोखमीवर राहील, अशी स्पष्ट अट पॉलिसीत असते. दगडाने सम्प फुटला हा अपघात. सम्पमधून ऑइल गळून गेल्यावर कोरडे इंजिन चालून ते जाम झाले, हा पुढचा परिणाम. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे पूरक संरक्षण असते तर गोष्ट वेगळी झाली असती. तेही तपासून पाहा, कारण पुष्कळदा शोरूममध्ये ते पॉलिसीला जोडून दिलेले असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. ते नसेल तर एकच वाट उरते : डॅशबोर्डवरील ऑइलचा दिवा लागल्याबरोबर आपण गाडी थांबविली होती, हे दाखविता आले तर गाडी दामटण्याचा आक्षेप काही अंशी खोडता येईल.

प्रश्न : ऑगस्टमध्ये दशक्रियेसाठी रामकुंडावर गेलो असताना गाडी गौरी पटांगणावर लावली होती. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि आम्ही परत येईपर्यंत पाणी सीटपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर चावी फिरवून पाहिली तर इंजिनने एक आवाज केला आणि ते बंद पडले. पुराचे नुकसान विम्यात येते ना? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : पूर ही साध्या पूर्ण विम्यातही समाविष्ट असलेली जोखीम आहे. सीट, गालिचा, वायरिंग, इलेक्ट्रॉनिक भाग, अंतर्गत साफसफाई यांची भरपाई घसारा वजा जाता मिळायला हवी. वाद चावी फिरविण्यावरून होणार. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविले की पाणी दबत नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर इंजिन उघडताच हे ओळखतो आणि ‘हे पुराने नव्हे, गाडी सुरू केल्याने झाले’ असे लिहितो. दरवर्षी गोदाकाठच्या गाड्यांचे असे क्लेम याच कारणाने निम्म्यावर येतात. पाण्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, जमल्यास बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढून न्यायची, एवढे पथ्य पाळले तर इंजिन बहुधा साफ करून पुन्हा चालते.

दुसरा आक्षेप निष्काळजीपणाचा येऊ शकतो. वाहनाची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीची अट आहे आणि नदीकाठची वाहने हलविण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली जाते, हे नाशिककरांना सांगायला नको. गाडी किती वाजता लावली आणि सूचना त्यानंतर झाली, हे दाखविणारे काही असेल, मग ती पार्किंगची पावती असो वा विधी सांगणाऱ्या गुरुजींचा जबाब, तर ते क्लेमसोबत द्यावे. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलेले पाहूनही तेथे गाडी लावणाऱ्याची बाजू मी मात्र मांडू शकणार नाही.

प्रश्न : कॉलेज रोडवर पार्किंगमध्ये कोणीतरी दार चेपवून गेले. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च ६,००० रुपये सांगितला आहे. क्लेम करावा काय? नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) ५० टक्के आहे. — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : करू नये. आपल्या गाडीच्या स्व-नुकसानीचा (म्हणजे स्वतःच्याच गाडीच्या नुकसानीपुरता) हप्ता सवलतीपूर्वी वर्षाला १०,००० रुपये आहे असे आपण कळविले आहे. आज आपण त्याचे ५,००० रुपये भरता. क्लेम केल्यास पुढील नूतनीकरणाला बोनस शून्यावर येईल आणि मग २०, २५, ३५, ४५ असा चढत तो पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेल. मधल्या पाच नूतनीकरणांत मिळून आपण सुमारे १२,५०० रुपये जादा भराल. गाडीची विमा किंमत (पॉलिसीत धरलेली तिची किंमत) दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्षात थोडे कमी. याउलट क्लेममधून हाती येणार काय, तर ६,००० रुपयांतून १,००० रुपये आणि रंगावरचा घसारा वजा जाता साधारण साडेचार हजार. आपल्या पॉलिसीत बोनस-संरक्षण असेल तरच हे गणित बदलते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. क्लेम केला, पण दुसऱ्या कंपनीकडे जाताना ‘गेल्या वर्षी क्लेम नाही’ असे लिहून बोनस चालू ठेवला, असे करणारे पुष्कळ आहेत. कंपन्या एकमेकींकडून ही माहिती घेतात, आणि पुढे मोठा अपघात झाला की त्याच खोट्या निवेदनावर सगळा क्लेम अडकतो.

प्रश्न : ओझरजवळ महामार्गावर द्राक्षांचे क्रेट भरलेल्या पिकअपने उजव्या बाजूने धडक दिली. चूक पूर्णपणे त्याची. मालक ५,००० रुपये देऊन ‘आपसात मिटवू’ म्हणतो आणि कागदावर सही मागतो. सही करावी काय? — एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : अशा कागदावर सही करण्याची घाई करू नये. आपला पूर्ण विमा असेल तर चूक कोणाचीही असली तरी आपण आपल्या कंपनीकडून दुरुस्ती करून घेऊ शकता. पैसे दिल्यावर पिकअपच्या मालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून वसुली करण्याचा हक्क आपल्या कंपनीकडे जातो. ‘माझी काही तक्रार नाही’ असे आपण लिहून दिले तर तो हक्कच बुडतो आणि त्या कारणावरून आपल्या क्लेमवर आक्षेप येऊ शकतो.

आपल्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या कंपनीकडून गाडीचे काहीच मिळणार नाही. तेव्हा पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद आणि पंचनामा करून घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पिकअपचा चालक, मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध अर्ज करावा लागतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार हा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, त्यामुळे मिटवामिटवीच्या बोलण्यांत वेळ घालवू नये. तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे ७ लाख ५० हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण पॉलिसीत असते; एका मोटारीच्या दुरुस्तीला ते पुरेसे आहे. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून घेता येत नाहीत, परंतु घसाऱ्यामुळे आपल्या खिशातून गेलेली तफावत दोषी पक्षाकडे मागता येते.

प्रश्न : जुनी गाडी घेतली. पेठ रोडच्या आरटीओत आरसी माझ्या नावावर झाली, पण विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. दोन महिन्यांनी अपघात झाला. हप्ता तर भरलेला आहे, मग क्लेम का नाकारला? — एक वाचक, जेल रोड

उत्तर : गाडी विकली गेली की तिसऱ्या पक्षापुरता विमा कायद्यानेच नव्या मालकाच्या नावे गेल्याचे मानले जाते. स्व-नुकसानीचा भाग मात्र आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. खरेदीपासून १४ दिवसांत नव्या मालकाने कंपनीकडे पॉलिसी हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा विम्यातील हितसंबंध गाडी विकताच संपला आणि आपला सुरूच झाला नाही, अशी ही अडचणीची स्थिती आहे. आपण अर्ज केला होता आणि कंपनीने तो तसाच पडू दिला, असे असेल तर पोचपावतीसह भांडावे. अन्यथा या प्रकरणात मला फारशी आशा दिसत नाही. गाडीसोबत जुन्या मालकाचा बोनसही मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

प्रश्न : मुलाकडे लर्निंग लायसन्स आहे. मी शेजारी बसलो असताना त्याने गाडी दुभाजकावर घातली. क्लेम मिळेल काय? — एक वाचक, सिडको

उत्तर : मिळेल. शिकाऊ परवाना वैध असावा, गाडीवर पुढे-मागे ‘एल’ची पाटी असावी आणि शेजारी पक्का परवानाधारक बसलेला असावा. ‘गाडी मीच चालवीत होतो’ असे मात्र चुकूनही लिहू नये. दुभाजकासमोरच्या दुकानाचा कॅमेरा कंपनीचा तपासनीसही पाहतो, आणि एका खोट्या वाक्यावर चांगला क्लेम बाद होतो.

प्रश्न : ओळखीच्या कुटुंबाला माझ्या खासगी गाडीतून शिर्डीला सोडायला निघालो होतो, त्यांनी डिझेलचे पैसे दिले. सिन्नरच्या घाटात गाडी उलटली. ‘भाड्याने वापर’ म्हणून कंपनीने संपूर्ण क्लेम फेटाळला आहे. दुरुस्तीचे एस्टिमेट विमा किमतीच्या ८० टक्के आहे. — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : इंधनाचा खर्च वाटून घेणे आणि गाडी भाड्याने देणे यांत फरक आहे, आणि तो फरक कंपनीपुढे लेखी मांडायला हवा. त्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र घ्यावे. कंपनीने भाड्याचा वापर कशाच्या आधारावर ठरविला, हेही विचारावे आणि तपासनीसाच्या अहवालाची प्रत मागावी. समजा, वापराच्या अटीचा भंग झाला असे धरले, तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात अशा भंगासाठी क्लेम मुळातूनच नाकारणे अमान्य केले असून देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला आहे. नकाराच्या पत्राला उत्तर देताना या निकालाचा उल्लेख अवश्य करावा.

एस्टिमेट विमा किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक असल्याने हे प्रकरण ‘टोटल लॉस’चे आहे. म्हणजे दुरुस्ती न करता पॉलिसीत छापलेल्या विमा किमतीवर हिशेब होईल. मोडक्या गाडीच्या किमतीवर येथे बरीच घासाघीस होते. कंपनीने ती गाडी स्वतःकडे घ्यावी की किंमत वजा करून आपल्याकडे ठेवावी, हे खरेदीदाराच्या लेखी बोलीशिवाय ठरवू नये. गाडीवर कर्ज असल्यास पहिला हक्क बँकेचा.

आता दाद कोठे मागावी याविषयी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदविता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर विमा लोकपालाकडे जावे. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते आणि राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते. मात्र एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. आपल्या प्रकरणात वाद कागदोपत्री पुराव्याचा आहे, साक्षीदारांची उलटतपासणी करावी लागेल असे दिसत नाही, म्हणून मी आधी लोकपालाकडे जाण्याचा सल्ला देईन. मधल्या काळात कंपनीने अंशतः रक्कम देऊ केली आणि ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही मागितली, तर त्यावर ‘उर्वरित रकमेची हरकत राखून’ असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून मगच सही करावी आणि त्या कागदाची छायाप्रत घेतल्याशिवाय तो परत देऊ नये.